सगळ्यात पुढचा चेंडू

७ एप्रिल

चि. काडी,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते दातओठ खाऊन देतेय असं समज.

काल क्लबच्या टीव्हीवर तुला पाहिलं. तिथल्या दुकानातली मुलगी ओरडत आली, "मावशी, तुमचा भाचा लागलाय!" मी शिकवणी अर्धवट टाकून धावले. बघते तर सामना सुरू व्हायच्या आधीचा तमाशा चाललेला. ढणढणाट, रंगीत धूर, आणि मधोमध तू, बिनबाह्यांच्या बनियनमध्ये, गोल्फच्या काठीने एकामागून एक चेंडू भिरकावतोयस. प्रत्येक फटक्याला लोक "तोफ! तोफ!" म्हणून केकाटतायत आणि तू दंड फुगवून दाखवतोयस. शिसारी आली रे मला. ज्या पोराला मी हातात काठी कशी धरायची ते शिकवलं, तो हाच का, असं वाटून मान खाली घातली. आमचा माळी शेजारी उभा होता, त्याला वाटलं मी आनंदाने रडतेय.

मग खरा सामना. पाचव्या होलवर तू असा काही चेंडू हाणलास की बाकीचे दोघे पार मागे राहिले. वा! आणि मग ग्रीनवर, होलभोवतीच्या त्या गुळगुळीत हिरवळीवर, पोचून हातभर अंतरावरून तीन फटके? एवढ्या अंतरावरून तर मी बशीत साखर टाकते. टीव्हीवरचा तो माणूस तरी म्हणतोय, काय ताकद, काय ताकद! नाव मोठं, लक्षण खोटं, दुसरं काय?

मी या धंद्यात केस पांढरे केलेत. दर हंगामाला अशी चार-पाच लांब मारणारी पोरं उगवतात. पहिल्या वर्षी पेपरात फोटो, दुसऱ्या वर्षी कंबर धरते, तिसऱ्या वर्षी कुठल्यातरी मॉलमध्ये काठ्या विकायला उभी असतात. अव्वल कोणी झालेला मी तरी पाहिला नाही.

फोन करू नकोस. फोनवर मला सगळी माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी ऐकू येतात. लिहून कळव. नुसतं लांब मारून तू अव्वल खेळाडू होणार आहेस का? हो की नाही?

तुझी
मावशी


१८ एप्रिल

ती. मावशी,

नमस्कार. दातओठ न खाता.

हो.

आता रागाचा पारा उतरव आणि ऐक. तू जिथून मोठी काठी घेऊन, जीव काढून मारायचीस आणि कसंबसं ग्रीन गाठायचीस, तिथून मी आखूड काठीने अलगद चेंडू झेंड्याशी टाकतो. कारण माझा पहिला फटकाच तुझ्यापेक्षा सव्वाशे यार्ड पुढे पडलेला असतो. लांबून नेम धरणं सोपं की जवळून? तूच मुलांना शिकवतेस ना? आज पहिल्या दहात जे आहेत त्यांतले बहुतेक दणदणीत मारतात. तुमच्या वेळी शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ होती, कबूल. पण ज्याच्याकडे दोन्ही आहे तो समोर उभा राहिला तर नुसत्या युक्तीवाल्याने काय करायचं? टाळ्या वाजवायच्या.

माझ्याकडे युक्ती कमी आहे, हे तू लिहायच्या आधीच लिहितो. ती येईल. ताकद विशीतच कमवावी लागते, पटिंग, ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घरंगळवणं, चाळिशीतही शिकता येतं.

तमाशाचं म्हणशील तर तो कोटाच्या डोक्यातून निघाला. कोट म्हणजे माझे करार बघणारा माणूस. भर उन्हातही अंगातला कोट काढत नाही. तो म्हणतो, "तुझं पटिंग बघायला कोणी तिकीट काढत नाही." खरंच आहे ते. मी पहिला फटका मारला की अर्धे लोक पुढच्या टीवर, म्हणजे पुढच्या होलचा पहिला फटका मारायच्या जागी, जाऊन जागा धरतात. मी चेंडू होलमध्ये घालतो तेव्हा माझ्याकडे पाठी असतात.

एक गोष्ट आईला सांगणार नसशील तर सांगतो. मला खाण्याचा वीट आलाय. दिवसातून सहा जेवणं. उकडलेली कोंबडी, अंड्याचा नुसता पांढरा भाग, आणि एक पावडर, ती पाण्यात ढवळली की भिंतीला लावायच्या चुन्यासारखी दिसते आणि लागतेही तशीच. परवा पाचव्या जेवणाला ताटावरच उमासा आला. माझा व्यायामाचा मास्तर, आम्ही त्याला डंबेल म्हणतो, शेजारीच उभा होता. म्हणाला, "तोंड धुऊन ये आणि परत बस." बसलो. वजन अठ्ठ्याण्णव. काडी म्हणायचं आता तरी सोड.

जूनमध्ये पात्रता फेरी आहे. चार दिवस खेळायचं, सगळ्यात कमी फटके लागलेल्या पहिल्या वीस जणांना मुख्य स्पर्धांचं कार्ड, म्हणजे वर्षभर मोठ्यांबरोबर खेळायला मोकळं. ते मिळवतो, मग बोल.

तुझा
तोफ (काडी नव्हे)


२ मे

चि. काडी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा काळजीने.

ताटावर ओकारी आलेल्या माणसाला परत ताटावर बसवतात? गुरंसुद्धा पोट भरलं की गव्हाणीतून तोंड काढतात. त्या डंबेलाला माझ्याकडे पाठव. मी त्याला ती चुन्याची पावडर बादलीभर कालवून देते आणि समोर उभी राहते. तुझी आई विचारत होती, पोरगं नीट जेवतं का? मी म्हटलं, हो, भरपूर. खोटं कुठे बोलले?

लांब फटक्याचा फायदा मला कळत नाही असं समजू नकोस. न कळायला मी काय नदीतली म्हैस आहे? फायदा आहे. पण तुम्हा पोरांना तो फायदा वाटत नाही रे, तुम्हाला तो हक्क वाटतो. लांब मारलं की पुढचं सगळं आपलंच, अशी चाल येते अंगात. तुझी चाल पाहिली मी टीव्हीवर. सगळ्यांच्या पुढे, मागे वळून न बघता. मला ती बघवत नाही.

जूनला अजून अवकाश आहे. आठ दिवस ये. माझ्या ग्रीनवर कोणी शिट्ट्या वाजवणार नाही. कुंपणापाशी तुझ्या आईची खुर्ची टाकू. पटिंगची काठी, पटर, परत धरायला शिकवते आणि सहाऐवजी दोन वेळा जेवू घालते. ये म्हणजे ये.

मावशी


२६ जून

ती. मावशी,

यायला जमलं नाही. कोटाने सोडलं नाही. आठ दिवसांत तीन जाहिराती उरकल्या.

पण कार्ड मिळालं!!

एकोणिसावा आलो. एका फटक्याने आत. आईला फोन केला तर ती नुसती हुंदके देत होती. कोटाने मला उचलायचा प्रयत्न केला आणि त्याचीच पाठ धरली. आता सांग, अव्वल कोण होत नाही?

चौदाव्या होलवर सगळ्यात लांब फटक्याचं बक्षीस होतं. तेही माझ्या नावावर. तीनशे एकाहत्तर यार्ड, चारही दिवसांतला सगळ्यांत लांब. बक्षीस म्हणजे मोठा दोन दारांचा फ्रिज. मला होस्टेलवर काय करायचाय? तुझा पत्ता देऊन टाकला. तुझा जुना गळतो ना?

माझ्याबरोबर एक चाळिशीचे गृहस्थ होते, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. जेमतेम दोनशे चाळीस यार्ड मारतात, पण पटिंग तुझ्यासारखं. शेवटच्या दिवशी त्याच चौदाव्याला त्यांचा चेंडू हरवला. शोधायला तीन मिनिटं मिळतात, ती संपली. बिचारे परत टीवर गेले. तिथे जे फटके गेले त्यात कार्ड गेलं. ही त्यांची शेवटची खेप होती म्हणे. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "छान मारलंस पोरा."

बाकी सगळं ठीक. दमलोय. थोडक्यात लिहितो.

तोफ


४ जुलै

चि. तोफेस,

बघ, लिहिलं. तोफ. काडी म्हणायचं सोडलं.

मी माझे शब्द गिळले आणि वर पाणी प्यायले. क्लबच्या टीव्हीसमोर आम्ही सगळे बसलो होतो. चौदाव्याला तू काठी फिरवलीस, चेंडू उन्हात दिसेनासा झाला. कॅमेऱ्यालाही सापडेना. मग दाखवलं तर उजव्या कडेला, सगळ्यांच्या कितीतरी पुढे, शांत पडलेला. आणि तिथून तू जो दुसरा फटका मारलास! अलगद, नेमका, घाई नाही, हावरेपणा नाही. मी दुकानातल्या मुलीला म्हटलं, हा फटका माझा आहे, हा मी शिकवलाय. माळ्याने मला रुमाल दिला. या वेळी त्याचं बरोबर होतं.

मला वाटायचं, तू नुसता रेडा झालास. नाही झालास. लांब मारणाऱ्यांतूनही अव्वल निघतो, माझं चुकलं, असं मी क्लबात सगळ्यांदेखत बोलले. मी बोलले म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तुझ्या आईच्या लग्नात जेवण करपलं होतं हेही मी अजून मान्य केलेलं नाही, आणि ते मीच केलं होतं.

फ्रिज आला. चार माणसं लागली आत घ्यायला, स्वयंपाकघराचं दार काढावं लागलं. काय थाट आहे त्याचा! दार उघडलं की आत दिवाळखोरालाही श्रीमंत वाटावं असा उजेड. माझं अर्धा लिटर दूध आणि चार टोमॅटो आत एकटे पडलेत. आळीतल्या बायका बघायला येतात, मी प्रत्येकीला तीनशे एकाहत्तर सांगते.

त्या अण्णांचं वाईट वाटलं. तू त्यांची आठवण काढून लिहिलंस, हे मला कार्डापेक्षा जास्त आवडलं.

तुझी
मावशी


१३ जुलै

मावशी,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मला पाणीही गोड लागत नाही. जेवणाची तर काय, पहिल्यापासूनच किळस होती. आता आरशाची येते.

चौदाव्या होलवरचा तो चेंडू माझा नव्हता.

माझा फटका डावीकडे गेला होता. हाताला कळतं ते. मारल्या क्षणी कळलं होतं. पण पुढे चालत आलो तर उजव्या कडेला, सगळ्यात पुढे, एक चेंडू. मोजणाऱ्यांनी शेजारी झेंडी रोवलेली, लोक ओरडतायत. माझी बॅग उचलणारा म्हणाला, "एवढ्या लांब दुसऱ्या कोणाचा असणार?" मलाही तेच वाटलं. मला नेहमी तेच वाटतं. मारण्याआधी वाकून आपली खूण बघायची, हे तू मला पहिल्या आठवड्यात शिकवलंस. माझ्या चेंडूवर दोन हिरवे ठिपके असतात. पण मावशी, मी गेली दोन वर्षं वाकलेलोच नाही. सगळ्यात पुढचा चेंडू माझाच असतो, त्यात बघायचं काय?

ग्रीनवर पोचून पुसायला उचलला. त्यावर जांभळी रेघ.

अण्णांचा. त्यांचा फटका उजवीकडच्या सिमेंटच्या गाडीवाटेवर आपटला असणार आणि टणाटण उड्या मारत तिथवर गेला असणार. ते बिचारे त्यांच्या दोनशे चाळीस यार्डांच्या आसपास गवत विंचरत होते. माझा चेंडू डावीकडच्या झाडीत, कितीतरी मागे. मी त्याला ओलांडून पुढे आलो होतो.

मी वळून पाहिलं तर अण्णा टीवर परत पोचलेले. दुसरा चेंडू मारून झालेला. आता त्यांना सांगूनही तो फटका परत मिळणार नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्यावर मात्र दुसऱ्याचा चेंडू मारल्याबद्दल दोन फटक्यांचा दंड, आणि मागे जाऊन खरा चेंडू शोधायचा. दोन फटके म्हणजे कार्ड गेलं. मी तो चेंडू होलमध्ये घातला, काढला, खिशात टाकला. पुढच्या टीवर माझा नवीन घेतला. कोणी काही विचारलं नाही. मी ग्रीनवर असतो तेव्हा लोकांच्या पाठीच असतात, हे तुला लिहिलं होतंच.

तुला जो दुसरा फटका इतका आवडला, तो अण्णांच्या चेंडूवर मारलेला होता. तू म्हणालीस, हा मी शिकवलाय. ते वाक्य वाचून मी बाहेर जाऊन ओकलो. या वेळी शेजारी डंबेल नव्हता.

स्पर्धा संपली, निकाल लागला. आता समितीकडे जाऊन सांगितलं तर कार्ड काढून घेतील. कोट वेडा होईल. आईचं काय होईल माहीत नाही. सांगू का, असं विचारायला पत्र लिहायला बसलो होतो. पण तू काय म्हणशील ते मला माहीतच आहे.

काडी


१८ जुलै

चि. बाळा,

हे पत्र वाच आणि फाडून टाक.

गप्प बस. कोणाला काही सांगू नकोस. समितीला नको, कोटाला नको, आईला तर मुळीच नको.

तुला वाटलं असेल मी वेताची छडी घेऊन येईन. मीही तसंच समजत होते. तीन दिवस हातात पेन धरून बसले, आणि रोज हेच उमटलं. बोलून काय मिळणार? अण्णांचा फटका परत येणार नाही, हे तूच लिहिलंस. त्यांना कळलं तर जखमेवर मीठ. झालं ते होऊन गेलं. तू मुद्दाम केलं नाहीस, चुकून केलंस, आणि मग घाबरलास. विशीच्या पोराने घाबरू नये तर कोणी घाबरावं?

मी आयुष्यभर नियमाने खेळले. एकदा वाऱ्याने चेंडू हलला, कोणी पाहिलं नव्हतं, मी आपणहून दंड सांगितला आणि स्पर्धा हरले. लोकांनी पाठ थोपटली. ती थोपटलेली पाठ घेऊन आज मी मंगळवार-शुक्रवार बँकेतल्या साहेबांना पटर धरायला शिकवते, आणि ते फोनवर बोलत बोलत शिकतात. मला या खेळाच्या सभ्यपणाची शिसारी आलीय. सभ्यपणा आपण सांभाळायचा आणि कार्ड दुसऱ्याने न्यायचं. एकदा तरी आपल्या घरात काही येऊ दे.

तुझी आई काल आली होती. फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसली आणि नुसती बघत राहिली. मी तिला काय सांगू?

कार्ड ठेव. खेळ. खूप मोठा हो. मोठा झालास की हे आपोआप लहान होईल.

मावशी


२६ जुलै

मावशी,

तुझं पत्र काल मिळालं.

मी तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच समितीकडे गेलो होतो. लांबुळकी खोली, टेबलाशी तिघे, मधल्या बाईंचा चष्मा दोरीला बांधलेला. मी सांगत गेलो, त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, "तेव्हाच ग्रीनवर सांगितलं असतंस तर दोन फटक्यांचा दंड झाला असता. आता स्पर्धेतूनच बाद." मी म्हटलं, माहीत आहे. त्या म्हणाल्या, "दार ओढून घे."

कोट करार मोडून गेला. जाताना म्हणाला, "तोंड बंद ठेवायचं असतं, एवढं कोणी शिकवलं नाही तुला?" माझं कार्ड एकविसाव्या नंबरच्या पोराला मिळालं, मी त्याला ओळखतही नाही. अण्णांना नाही मिळालं, ते आणखी एका फटक्याने मागे होते. म्हणजे माझ्या खरं बोलण्याने त्यांचं काहीच भलं झालं नाही, ते तू लिहिलंस तसंच झालं.

अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "किती म्हणालास? तीनशे एकाहत्तर? माझा?" मी म्हटलं, हो, तुमचा. पुन्हा विचारलं, "नक्की?" मग एक घसघशीत शिवी हासडली आणि फोन ठेवला. मला मी ऐकलेली सगळ्यात योग्य शिवी वाटली ती. फ्रिज त्यांचा आहे. सोमवारी माणसं न्यायला येतील, दूध-टोमॅटो काढून ठेव. आईला मी सांगितलंय. ती रडली नाही. म्हणाली, तुझ्या मावशीला अभिमान वाटेल.

म्हणून तुला हे लिहिणं भाग आहे.

त्या सकाळी समितीच्या दाराबाहेर मी बाकावर बसलो होतो. तीनदा उठलो आणि परत जायला वळलो. तिन्ही वेळा मला तू आठवलीस. तुझा चेहरा, तुझा आवाज. मला खात्री होती की तू म्हणशील, जा आणि सांग. बाकी कोणासाठी नाही, नियमासाठी नाही, अण्णांसाठीसुद्धा नाही, तुला तोंड दाखवता यावं म्हणून मी आत गेलो.

तुझं पत्र आधी आलं असतं तर मी गप्प बसलो असतो. आज माझ्याकडे कार्ड असतं आणि तुझी-माझी गट्टी आणखी घट्ट झाली असती, चोरांची असते तशी. हा विचार आला की मला दोघांचीही किळस येते. तू ज्या दिवशी वाऱ्याने हललेला चेंडू सांगितलास, त्या दिवशी तू हरलीस आणि मी जन्मलोही नव्हतो, तरी मला वाटतं त्याच दिवसाच्या जोरावर मी त्या खोलीत गेलो. तू तो दिवस असा फुकट घालवू नकोस.

पुढच्या वर्षी मी पुन्हा पात्रता फेरी खेळणार. लांबच मारणार, त्याबद्दल वाद नको. होस्टेल सोडलंय, गुरुवारी तुझ्याकडे येतोय. मला पटिंग शिकव. बाकी काही शिकवू नकोस.

काडी